पेपरआधीचा अर्धा तास

मा. संपादक,

स. न. वि. वि.

परीक्षांचे दिवस जवळ आले की वर्तमानपत्रांतून विद्यार्थ्यांच्या ताणतणावावर लेख येऊ लागतात, आणि ते यावेत याबद्दल दुमत नाही. मात्र त्यांपैकी बऱ्याच लेखांत एक वाक्य या ना त्या रूपात हमखास भेटते: ताणामुळे मेंदूतील पेशी मरतात आणि स्मरणशक्ती नष्ट होते. चौतीस वर्षे उच्च माध्यमिक वर्गांना जीवशास्त्र शिकवल्यामुळे असे वाक्य वाचले की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. अचानक आलेला, काही मिनिटे किंवा काही तास टिकणारा ताण वेगळा आणि महिनोन्‌महिने पाठ न सोडणारा ताण वेगळा. पैकी पहिल्याचा, म्हणजे तात्कालिक ताणाचा, मेंदूवरील परिणाम ‘नष्ट होणे’ या शब्दांत बसत नाही. तो केव्हा होतो, किती वेळ टिकतो आणि कशाने टळतो हे गेल्या चाळीसेक वर्षांच्या संशोधनाने बऱ्यापैकी उलगडले आहे, आणि आपल्या शाळांतील एका जुन्या प्रथेशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून हे पत्र.

आधी एक प्रसंग सांगतो. आमच्या गावच्या उत्सवात दरवर्षी मराठी नाटक होते आणि कित्येक वर्षे मी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करीत आलो आहे. काही वर्षांपूर्वी एका ऐतिहासिक नाटकात सरदाराची भूमिका करणारा आमचा गडी व्यवसायाने बसचालक होता. शेवटची फेरी आटोपून तालमीला येई आणि दोन पानांचे स्वगत पुस्तकाला हात न लावता म्हणत असे. प्रयोगाच्या रात्री पहिल्या अंकानंतर प्रमुख पाहुण्यांचा सत्कार ठेवला होता. दहा मिनिटांचा सत्कार अर्धा तास चालला. अंगरखा, पगडी, कमरेला तलवार अशा थाटात हा माणूस माझ्या शेजारी उभा. पहिली पाच मिनिटे थट्टा करीत होता, मग गप्प झाला, मग तलवारीच्या मुठीचा जरीचा गोंडा बोटांनी उसवू लागला. पडदा उघडला, तो पुढे गेला, पहिले वाक्य म्हणाला आणि थांबला. मी दुसऱ्या वाक्याचा पहिला शब्द दिला. मग अख्खे वाक्य दिले. मग इतक्या मोठ्याने दिले की पहिल्या रांगेतील पाहुण्यांनी मान वळवून विंगेकडे पाहिले. माझा आवाज त्याला पोहोचत होता हे त्याच्या डोळ्यांत दिसत होते, पण शब्द ओठांवर येईनात. शेवटी समोरच्या नटाने आपले पुढचे वाक्य अलीकडे ओढून प्रवेश सावरला. नाटक संपल्यावर रंगपटात खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग पुसता पुसता त्याने तेच स्वगत मला अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवले, एकही शब्द न गाळता, आणि वर विचारले, “मास्तर, मग मघाशी हे गेले होते कुठे?”

त्या रात्री मला धड उत्तर देता आले नाही. त्यानंतर जे वाचले त्यावरून आता थोडेफार देता येईल.

मेंदूतील दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. एका पेशीने सोडलेले रसायन ही फट ओलांडून दुसरीच्या ग्राहींवर, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या रेणूंवर, जाऊन बसते आणि निरोप पोहोचतो. या जोडणीला सिनॅप्स किंवा चेतासंधी म्हणतात. वापराप्रमाणे ती बळकट होते किंवा क्षीण होते, आणि या गुणाला मराठीत आपण लवचीकता म्हणतो. माझ्या मते हा शब्द किंचित फसवा आहे, कारण लवचीक म्हटले की ताणून सोडल्यावर पूर्ववत होणारे रबर डोळ्यांसमोर येते. इथे अभिप्रेत आहे ती चतुर्थीच्या मूर्तीसाठी मळलेली चिकणमाती, जी बोटाने दाबलेला आकार धरून ठेवते. टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या, आठवणी घडवणाऱ्या, भागात हे दाखवून दिले. येणाऱ्या तंतूंना त्यांनी विजेच्या जलद स्पंदांची छोटी माळ दिली, आणि त्यानंतर त्या जोडण्यांचा प्रतिसाद तासन्‌तास वाढलेला राहिला. याला लाँग टर्म पोटेन्शिएशन, संक्षेपाने एलटीपी, म्हणतात. मंद गतीचे स्पंद बराच वेळ दिल्याने जोडणी क्षीण होते त्या उलट प्रकाराला लाँग टर्म डिप्रेशन, म्हणजे एलटीडी. आठवणी बनण्याचा पेशींच्या पातळीवरचा आधार म्हणून आज याच घडामोडींकडे पाहिले जाते.

ताण या यंत्रणेत शिरतो तो दोन वाटांनी. पहिली वाट सेकंदांची: हृदयाची धडधड वाढवणारे अॅड्रेनालिन रक्तात उतरते आणि खुद्द मेंदूत नॉरअॅड्रेनालिन व डोपामिन यांची पातळी चढते. त्यांचे प्रमाण फार वाढले की कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधील, म्हणजे विचार जुळवून धरणाऱ्या भागातील, पेशींचे आपापसातील बोलणे तात्पुरते मंदावते, असे येल विद्यापीठातील एमी आर्नस्टेन यांच्या कामातून दिसले आहे. दुसरी वाट संथ आहे. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात आणि ताण सुरू झाल्यापासून साधारण वीस ते तीस मिनिटांनी त्याची रक्तातील पातळी शिखर गाठते. उंदरांत हेच काम कॉर्टिकोस्टेरॉन करते. हे संप्रेरक मेंदूत नेमके कुठे जाते याचा शोध ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ मध्ये किरणोत्सारी खूण लावून घेतला, तेव्हा ते हिप्पोकॅम्पसमध्ये साठलेले आढळले. त्याला पकडणारे ग्राही दोन जातींचे आहेत. एक जात इतकी हावरी, की शांत वेळच्या थोड्याशा संप्रेरकानेही ती जवळपास भरलेली असते. दुसरीची ओढ त्या मानाने दहा पट कमी, म्हणून ती भरते ती पातळी चढल्यावरच. अल्प ताणाने काम सुधारते आणि अतिताणाने बिघडते, या घरोघरच्या अनुभवामागील एक कारण या दोन ग्राहींत दडलेले आहे.

(जाता जाता: ताणाच्या आधुनिक विज्ञानाची सुरुवात ज्या लिखाणाने झाली असे मानतात, ते हान्स सेली यांचे ‘नेचर’मधील १९३६ चे छोटेसे टिपण त्या नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलेल्या पत्रांच्या सदरातच छापले होते. पत्रलेखकांना तेवढाच धीर.)

सिनॅप्सवरील परिणामाचा पहिला स्पष्ट पुरावा १९८७ मध्ये अमेरिकेत रिचर्ड थॉम्प्सन यांच्या गटाकडून आला. कोंडून ठेवून ताण दिलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसच्या कापांत एलटीपी नीट उभे राहीना. पण मला खरा महत्त्वाचा वाटतो तो १९८९ मधला ट्रेसी शॉर्स आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. त्यांनी उंदरांच्या जोड्या केल्या. दोघांनाही विजेचे झटके तेवढेच, त्याच क्षणी आणि तितकाच वेळ. फरक एवढाच की एकाला पळून जाऊन झटका थांबवता येत होता आणि तो थांबला की दुसऱ्याचाही थांबत होता, दुसऱ्याच्या हाती मात्र काहीच नव्हते. एलटीपी मुख्यतः या दुसऱ्याचे बिघडले. वेदना सारखी असून चेतासंधींनी वेगळे उत्तर दिले, कारण एकाकडे उपाय होता आणि दुसऱ्याकडे नव्हता. पुढे १९९७ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांनी जाग्या उंदरांत दाखवले की अनोळखी जागी ठेवण्यासारख्या सौम्य ताणानेही जोडण्या क्षीण करणारी एलटीडी सहज घडून येते, पण त्या जागेला उंदीर सरावले की तो परिणाम होत नाही. रंगीत तालीम प्रत्यक्ष रंगमंचावरच का घ्यावी, हे आमच्या जुन्या दिग्दर्शकांना उंदरांशिवाय ठाऊक होते.

आता बसचालकाच्या प्रश्नाकडे वळतो. वरील प्रयोग नवी आठवण घडण्याविषयी आहेत; त्याचे स्वगत तर कधीच पक्के झालेले होते. त्या बाबतीत डोमिनिक द केर्व्हां, बेन्नो रोझेन्डाल आणि जेम्स मॅगॉ यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग डोळे उघडणारा आहे. पाण्याच्या हौदात बुडालेला चौथरा कुठे आहे हे उंदरांना आधी शिकवून ठेवले होते. नंतर चाचणीपूर्वी पायांना विजेचा सौम्य झटका दिला. झटका चाचणीच्या २ मिनिटे आधी दिला तेव्हा चौथरा आठवण्यात फारसा फरक पडला नाही. ४ तास आधी दिला तेव्हाही नाही. ३० मिनिटे आधी दिला तेव्हा मात्र उंदीर हौदात भलतीकडेच शोधत राहिले. कॉर्टिकोस्टेरॉन बनूच न देणारे औषध आधी दिले, तेव्हा ३० मिनिटांनंतरचा हा गोंधळही झाला नाही. दोन वर्षांनी याच संशोधकांनी माणसांवर पडताळा घेतला: आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द आठवण्यापूर्वी एक तास कॉर्टिसोनची (शरीरात याचेच कॉर्टिसॉल बनते) २५ मिलिग्रॅमची गोळी दिली, तर कमी शब्द आठवले. म्हणजे साठा शाबूत होता, वाट बंद होती. आमच्याकडे गोव्यात खाडीकाठच्या खाजन शेतीत मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाणदाराचे, दार भरतीच्या पाण्याच्याच दाबाने मिटते आणि ओहोटी लागली की उघडते. आतले पाणी तेवढा वेळ कुठे जात नाही, फक्त बाहेर पडत नाही. आमच्या सरदाराला सत्काराच्या भाषणांनी नेमका अर्धा तास विंगेत उभे ठेवले होते. एका माणसाच्या एका रात्रीवरून मी सिद्धान्त मांडत नाही, त्याचे कॉर्टिसॉल कोणी मोजले नव्हते, आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या त्या जलद वाटेचाही त्यात हात असणारच. पण त्याला द्यायच्या उत्तराची दिशा ही आहे.

याच संप्रेरकांची दुसरी बाजू सांगितली नाही तर मीही त्या लेखांसारखीच एकांगी मांडणी केल्यासारखे होईल. काही शिकल्यानंतर लगेच ताण आला तर ती आठवण अधिक घट्ट बसते. लॅरी केहिल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लोकांना चित्रे दाखवून त्यानंतर त्यांचा हात बर्फाच्या पाण्यात धरायला लावला. आठवड्यानंतर मनाला हलवून सोडणारी चित्रे त्यांना, हात बर्फाच्या पाण्यात न धरलेल्या लोकांपेक्षा, जास्त आठवली. १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात पोर्तुगीज सैन्याने माघार घेताना पूल उडवले, त्या स्फोटाने स्वयंपाकघरातील फळीवरची कोणकोणती भांडी खाली पडली हे माझी आई शेवटपर्यंत नावानिशी सांगत असे, आणि आदल्या आठवड्यातले तिला काहीही आठवत नसे. तीच रसायने आठवण कोरतातही आणि आठवणीची वाटही अडवतात. कोणते काम होणार ते वेळेवर ठरते.

आणखी एक निष्कर्ष आपल्याच देशातला आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना एकदाच, दोन तास जखडून ठेवले. दुसऱ्या दिवशी तपासले तर भीतीचे केंद्र असलेल्या अमिग्डालातील पेशींवर, जिथे जोडण्या होतात त्या बारीक काट्यांच्या संख्येत, फरक नव्हता. दहा दिवसांनी पाहिले तेव्हा काटे वाढलेले होते आणि उंदीर अधिक भित्रे झाले होते. २००५ मधील हे काम वाचल्यापासून, प्रसंग घडला आणि दुसऱ्या दिवशी मूल हसतेखेळते दिसले म्हणून सारे ठीक आहे असे म्हणण्याचे मी सोडले आहे. उंदरांवरून माणसांविषयी किती बोलावे यालाही मर्यादा आहे, हे मान्यच. शिवाय शॉर्स यांनीच २००१ मध्ये दाखवले की त्याच ताणाने हिप्पोकॅम्पसमधील काटे नरांत वाढतात आणि माद्यांत घटतात. दशकानुदशके बहुतेक प्रयोग नरांवरच झाले, ही या शास्त्राची मोठी उणीव आहे.

आता शाळेविषयी. माझी नात दहावीत आहे. यंदा पहिल्या सत्राच्या परीक्षेत विज्ञानाच्या पेपरला ती गेली, तेव्हा पेपर सुरू होण्यापूर्वी जवळजवळ अर्धा तास सर्व मुलांना पटांगणात रांगेत उभे करून आधीच्या चाचणीत कमी गुण पडलेल्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून वाचण्यात आली. नाव वाचले की त्या मुलाने एक पाऊल पुढे यायचे. तिचे नाव त्या यादीत नव्हते, पण ते नाही हे तिला यादी संपल्यावरच कळले. पेपरात प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण विचारले होते, जे आमच्या परसातील पेरूच्या झाडाखाली बसून तिने मला दहा वेळा तरी लिहून दाखवले आहे. तिथे तिने कार्बन डायऑक्साइड लिहिले, अधिकचे चिन्ह काढले आणि पुढची जागा कोरी सोडली. संध्याकाळी चहात उंडो (आमच्याकडचा पाव) बुडवता बुडवता तिने प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर तेच समीकरण रेणूंची संख्या जुळवून पूर्ण लिहिले, आणि मग पाव बशीत तसाच ठेवून आत निघून गेली.

शाळेचे नाव मी लिहीत नाही, कारण ही एका शाळेची गोष्ट नाही. मी ज्या वर्गांत शिकवले तिथेही आम्ही शिक्षक पेपरआधी ‘शेवटच्या सूचना’ देत असू आणि त्या सूचनांत धाक किती असे हे मला चांगले आठवते. ही प्रथा दुष्टपणातून आलेली नाही. मुले सावध व्हावीत एवढाच हेतू असतो, आणि थोडी धास्ती उपयोगी पडते हेही खोटे नाही. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्येच उंदरांत पाहिले होते की अवघड गोष्ट शिकताना मध्यम तीव्रतेचा झटका सर्वांत उपयोगी ठरतो, फार सौम्यही नाही आणि फार कडकही नाही. चूक आहे ती मात्रेची आणि वेळेची. माणसाचे कॉर्टिसॉल हमखास कशाने वाढते यावर २००४ मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी प्रयोगशाळांतील २०८ अभ्यास एकत्र करून पाहिले. सर्वांत मोठी वाढ दिसली ती दोन गोष्टी एकत्र आल्या तिथे: चारचौघांसमोर आपली पारख होणे, आणि परिस्थिती आपल्या हाताबाहेर असणे. ध्वनिक्षेपकावर नावे वाचण्यात या दोन्ही आहेत. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठाने १९९३ मध्ये ताण निर्माण करण्याची जी प्रमाणित पद्धत बसवली, तिच्यात चेहऱ्यावरची रेषाही न हलवणाऱ्या परीक्षकांपुढे भाषण करून मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत जावे लागते. प्रयोगशाळेला त्यासाठी परीक्षक बसवावे लागतात. आपल्या पटांगणात ते काम शिक्षकवर्ग विनामूल्य करतो.

म्हणून शाळांकडे माझे मागणे छोटे आहे. पेपरपूर्वीचा अर्धा-पाऊण तास मुलांना मोकळा द्यावा. झडती, दटावणी, गुणांची वाच्यता, गणवेशाची तपासणी, जे काही अटळ असेल ते आदल्या दिवशी उरकावे किंवा पेपर संपल्यावर करावे. बैठक क्रमांक आणि वर्ग आदल्या दुपारीच दाखवावेत, जेणेकरून जागा अनोळखी राहणार नाही. आणि पालकांनी व शिक्षकांनी मुलांना पुन्हा पुन्हा वाचायला लावण्याऐवजी पुस्तक मिटून आठवायला लावावे. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या २०१६ मधील प्रयोगात शब्द आणि चित्रे लक्षात ठेवणाऱ्यांचे दोन गट केले होते. एकाने पुन्हा पुन्हा पाहून उजळणी केली, दुसऱ्याने न पाहता आठवून. दुसऱ्या दिवशी दोन्हींतील काहींना भाषण आणि गणिताचा ताण दिला, तेव्हा पाहून उजळणी केलेल्यांची आठवण ढासळली आणि आठवून उजळणी केलेल्यांची टिकली. नुसते वाचन, मग उभ्या तालमी, मग रंगीत तालीम हा नाटकाचा क्रम त्याहून फार वेगळा नाही. माझ्या बसचालकाकडे तो क्रम पूर्ण होऊनही तो अडखळला, हा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. तालीम धोका कमी करते, शून्य करत नाही, म्हणून तर अर्ध्या तासाचे भाषण आवरायचे.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती. परीक्षेच्या हंगामातील लेखांत ‘पेशी मरतात’, ‘स्मरणशक्ती पुसली जाते’ अशी विधाने छापताना तात्कालिक आणि दीर्घकालीन ताण यांतला फरक लेखकाला विचारून घ्यावा. पेपर कोरा सोडून आलेल्या मुलाने आपला मेंदू बिघडला असे वाचणे आणि दार थोडा वेळ मिटले होते असे वाचणे, यांत पुढच्या पेपराच्या दृष्टीने फार अंतर आहे.

आमच्या उत्सव समितीने येत्या वर्षापासून सत्कार नाटक संपल्यानंतर ठेवण्याचे मान्य केले आहे. शाळेला दिलेल्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक
माशेल, फोंडा तालुका, गोवा